न्यायमूर्ती भूषण गवई आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



समितीने आम्हांला गवई साहेबांवर बोलायला सांगितले. आता त्यांच्याबद्दल आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. २०२५ ची बुद्धपौर्णिमा १२ मे रोजी झाली आणि दोनच दिवसांनी, १४ मे रोजी, त्यांनी भारताचे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली. खिरीची पातेली घासून होतात न होतात तोच पुन्हा पेढे! बौद्ध समाजातले ते पहिले सरन्यायाधीश. अनुसूचित जातींतून त्यांच्याआधी न्या. के. जी. बालकृष्णन २००७ ते २०१० या काळात त्या पदावर होते. शपथ झाल्यावर साहेब मातोश्री कमलताईंच्या पाया पडले, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या आमच्या घरातल्या आजीबाईंनी पदर डोळ्याला लावला.

पण हे सहा महिन्यांचे पद. त्यामागची वर्षे मोजा म्हणजे कळेल. जन्म अमरावतीचा, २४ नोव्हेंबर १९६०. बालपण फ्रेझरपुऱ्यात, शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत. वडील रा. सू. गवई म्हणजे आपले दादासाहेब, रिपब्लिकन पक्षाचे नेते, पुढे बिहार व केरळचे राज्यपाल. मुलाला व्हायचे होते वास्तुविशारद. वडिलांना स्वतःला वकील होता आले नव्हते, म्हणून त्यांची इच्छा मुलाने वकील व्हावे. मुलाने ऐकले. १९८५ साली वकिली सुरू केली, ती आधी बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे, मग मुंबईत स्वतंत्रपणे, आणि १९९० नंतर मुख्यतः नागपूर खंडपीठात. नागपूर आणि अमरावती महापालिकांचे वकील, २००० साली सरकारी वकील, १४ नोव्हेंबर २००३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, २४ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात. म्हणजे वकिलीच अठरा वर्षे! आपल्याकडे पोरगा हुशार निघाला की आई-बाप म्हणतात, इंजिनीअर हो. वकील हो म्हणणारे किती? दादासाहेबांचे नाव मोठे होते, ते पाठीशी होते, हेही खरेच; ते आम्ही लपवत नाही. पण नावावर रोज उठून युक्तिवाद करता येत नाही.

आता कौतुक बाजूला ठेवून दोन निकालांवर बोलू, कारण त्यांवरून याच सभागृहात तावातावाने भांडणे झाली आहेत.

पहिला १ ऑगस्ट २०२४ चा. सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. त्यात साहेबांनी वेगळे मत लिहिले की, अनुसूचित जातींमध्येही क्रीमी लेअर ओळखून तिला आरक्षणातून वगळावे. २१ ऑगस्टला भारत बंद झाला. केंद्र सरकारने आधीच सांगितले होते की राज्यघटनेत एससी-एसटीसाठी क्रीमी लेअरची तरतूद नाही. आमचे स्वतःचे मत साहेबांच्या मताशी जुळत नाही. साहेब झालेल्या माणसालाही भाड्याने घर बघायला गेल्यावर आडनाव विचारतातच की! पगार वाढला म्हणून ते थांबत नाही. परंतु आमच्याच बैठकीत धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी विचारले, “भाऊ, साहेबांच्या मुलाची आणि माझ्या मुलाची शर्यत एकाच रेषेवरून लावायची का?” आम्हांला पटकन उत्तर देता आले नाही. आणि याच गवई साहेबांच्या कारकिर्दीत, जून २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भरतीत आणि बढतीत एससी-एसटी आरक्षणाची पद्धत लागू केली. तेव्हा “साहेब आरक्षणाच्या विरोधात गेले” असे जे बोलले जाते, ते बरोबर नाही.

दुसरा निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा, बुलडोझरचा. न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी सांगितले की, एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही. बांधकाम पाडायचे तर पंधरा दिवसांची नोटीस हवी. ती रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि घरावरही चिकटवायची. म्हणणे मांडायला संधी द्यायची. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला नुकसान खिशातून भरावे लागेल. निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घटनेच्या कलम २१ मधला.

वस्तीत त्या रात्री फटाके वाजले. पण बंधूंनो, निकाल पुढेही वाचावा लागतो. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठा यांवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण लागू नाही. पुण्यात मुठेच्या काठाला किती घरे आहेत, ते तुम्हीच सांगा. त्यांच्यासाठी वाद उरतो तो पुनर्वसनाचा. तो झोपडपट्टी कायद्याखाली, फोटोपास आणि जुने पुरावे घेऊन लढावा लागतो. हे कुणी सांगितले नाही म्हणून काही कुटुंबे बेसावध राहिली, याचे आम्हांला वाईट वाटते.

सरन्यायाधीश झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पीठाने दिलेला निकाल तर आपल्या पुण्याचाच. कोंढवा बुद्रुकची सुमारे बारा हेक्टर राखीव वनजमीन १९९८ मध्ये शेतीसाठी म्हणून दिली गेली आणि पुढे गृहनिर्माण संस्थेकडे गेली. तो व्यवहार बेकायदा ठरवून जमीन वनखात्याला परत करायला सांगितले. गरिबाची पत्र्याची खोली तेवढी अतिक्रमण असते, ही समजूत त्या दिवशी थोडी हलली.

६ ऑक्टोबर २०२५ रोजी एका वकिलाने भर न्यायालयात त्यांच्या दिशेने बूट भिरकावण्याचा प्रयत्न केला. साहेबांनी विचलित न होता पुढचे कामकाज चालू ठेवायला सांगितले. आपल्या तरुणांचा संताप झाला, तो समजण्यासारखा होता. २३ नोव्हेंबरला ते निवृत्त झाले.

जाता जाता एक सूचना. बुलडोझरच्या निकालाचे दोन पानी मराठी टिपण आपल्याच वस्तीतल्या वकील मुलीने करून दिले आहे. ते विहाराच्या कपाटात ठेवले आहे. दर रविवारी वंदनेनंतर ती एक तास थांबते. ज्यांच्या घरी नोटीस आली असेल त्यांनी तिचा लिफाफा फेकू नये, त्यावरच्या शिक्क्यावर तारीख असते. लिफाफा, लाइटचे जुने बिल, रेशनकार्ड आणि फोटोपास, एवढे घेऊन यावे.

नमो बुद्धाय! जयभीम!