स्वर हेच दैवत
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळावर कळस चढला. अशा मंगल प्रसंगी गोव्यातील कुर्डी गावच्या गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) यांचे स्मरण उचित ठरेल. स्वर हेच त्यांचे दैवत होते.

दहाव्या वर्षी आईचे छत्र हरपले. नाटकमंडळीत दिवस काढल्यावर सांगलीस उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांची तालीम लाभली. पण खाँसाहेब मुंबईस गेले आणि ती तुटली. मोगूबाईही मुंबईस गेल्या. तेथे विरोध झाला, दुसऱ्या गुरूंकडे शिकावे लागले. पण निष्ठा ढळली नाही. अखेर १९३४ साली खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. १९७४ साली पद्मभूषण मिळाले.

१९८० च्या दशकात कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की सोमेश्वराच्या उत्सवाला जुने गावकरी तेथे जमतात. गाव बुडाले, पण माईंनी कन्या किशोरीताईंच्या कंठी प्रतिष्ठापिलेला स्वर बुडाला नाही.

देवळाचा जीर्णोद्धार पिढीतून एकदा होतो. स्वराचा मात्र रोज पहाटे रियाजाने करावा लागतो. भजनास बसणाऱ्या मुलाबाळांनी एवढे ध्यानी धरावे, हीच देवाचरणी प्रार्थना.