दूरची भूक आणि गावची सभा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला ‘जागतिक सहकार्य आणि लोकजागृती’ असा विषय दिला आहे. नाव मोठे भारदस्त आहे. आणि भारदस्त नावाच्या विषयात एक धोका असा असतो की, वक्ता ढगांतून बोलू लागतो आणि श्रोता मनातल्या मनात घरी जाऊन पोचतो. म्हणून आम्ही हा विषय थोडा लहान करून घेतो. दूर कोठेतरी दुष्काळ पडतो, युद्ध पेटते, एखादे राष्ट्र कर्जात बुडते. मग हजारो कोसांवरच्या एखाद्या गावात सभा भरते, फेरी निघते, जलसा होतो, वर्गणीचा डबा फिरतो. या सगळ्यातून काही निष्पन्न होते काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न.

आमचे उत्तरही आरंभीच सांगून टाकतो. सभेची किंमत जमलेल्या गर्दीवरून ठरत नाही, आणि केवळ जमलेल्या पैशावरूनही ठरत नाही. सभा उठल्यानंतर घेणाराच्या हाती काय उरले आणि देणाराच्या डोक्यात काय उरले, यावरून ती ठरते.

पण त्याआधी एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. ‘आपल्या घरी अठराविश्वे दारिद्र्य असताना जगाची उठाठेव कशाला?’ असे विचारणारे गृहस्थ प्रत्येक गावात असतात, आणि ते वाईट मनाचे असतात असेही नाही. त्यांना आम्ही १९३८ सालची एक हकीकत सांगू. जपानने चीनवर स्वारी केली होती. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, जुलै महिन्यात चीनसाठी निधी गोळा करण्याचे दिवस पाळले गेले, आणि सुमारे २२,००० रुपये जमले. त्या पैशावर पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून आगबोटीने रवाना झाले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यांपैकी डॉ. चोळकर नागपूरचे आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे.

श्रोतेहो, ज्यांनी त्या डब्यात आणा-दोन आणे टाकले त्यांचा स्वतःचा देश त्या वेळी पारतंत्र्यात होता. ‘आधी घरचे’ म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. तो त्यांनी वापरला नाही. आपले दुःख आणि चीनचे दुःख एकाच झाडाची फळे आहेत, हे त्यांना त्या सभांतून उमगले होते. पुढे पथकातील इतर डॉक्टर एकेक करून परत आले. कोटणीस मात्र राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, तेथेच विवाह केला, डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा वाहिली, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तेथेच देह ठेवला. या २२,००० रुपयांनी चीनची लढाई जिंकली असे कोणी म्हणणार नाही. परंतु १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध होऊनही शिच्याच्वांग येथील त्यांच्या समाधीचा मान गेला नाही. सरकारांचे तह मोडले तरी जे मोडत नाही, असे काहीतरी त्या डब्यातून निर्माण झाले होते.

ज्या वर्षी कोटणीस गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधील ऑक्सफर्ड गावात काही मंडळी एका चर्चमध्ये जमली. ग्रीस जर्मनांच्या ताब्यात होता, दोस्तांनी त्याची नाकेबंदी केली होती, आणि ग्रीक माणसे उपासमारीने मरत होती. त्या सभेने निधीचा विचार तर केलाच, पण भर युद्धात आपल्याच सरकारकडे मागणीही केली की, नाकेबंदीतून अन्न जाऊ द्यावे. आज जगभर ‘ऑक्सफॅम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे मूळ त्या सभेत आहे. परक्याच्या दुःखासाठी स्वकीय सरकारला प्रश्न विचारणे ही अशा सभांची सर्वांत अवघड कसोटी होय, आणि ती त्यांनी पहिल्याच पावलाला दिली.

आता १९६० सालाकडे येऊ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे प्रमुख तेव्हा एक भारतीय होते, बिनय रंजन सेन. बंगालच्या भीषण दुष्काळाच्या सुमारास तेथील मदतकार्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. भूक म्हणजे काय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी ‘भूकमुक्ती मोहीम’ सुरू केली. भुकेचा प्रश्न सरकारांच्या बैठकांतून सुटणार नाही, तो गावोगावच्या सामान्य माणसाचा प्रश्न झाला पाहिजे, हे त्यांचे सूत्र होते. १९६३ च्या मार्चमध्ये शंभराहून अधिक देशांनी या एकाच विषयावर टपाल तिकिटे काढली. आपल्या देशानेही काढले. ब्रिटनमध्ये गावोगाव समित्या झाल्या. शाळांत, चर्चमध्ये, महिला मंडळांत सभा भरल्या. पाव आणि चीज एवढेच खाऊन उरलेल्या जेवणाचे पैसे निधीत देण्याचे कार्यक्रम झाले.

यात एक विशेष गोष्ट होती. आपले पैसे कोणत्या देशातील कोणत्या कामाला जाणार, हे या समित्या पाहून निवडत असत. ‘भुकेल्यांना द्या’ एवढ्यावर त्या थांबत नसत. त्या निधीतून साकारलेले एक काम आपल्या शेजारच्या गुजरातेत आहे. खेडा जिल्ह्याच्या दूध संघाने कंजरी या गावी पशुखाद्याचा कारखाना उभारला, त्याला ऑक्सफॅमचे साहाय्य झाले. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्रींनी त्याचे उद्घाटन केले.

पशुखाद्याचाच कारखाना का? कारण त्या जिल्ह्यातील सामान्य शेतकऱ्याजवळ एक-दोन म्हशी, एवढेच भांडवल. पेंड, कोंडा आणि क्षार योग्य प्रमाणात मिळाले नाहीत की म्हैस आटते, आणि म्हैस आटली की घरची मिळकत आटते. परदेशातल्या एखाद्या बाईने वाचवलेले जेवणाचे पैसे भाकरी होऊन आले असते तर ती भाकरी एका दिवसात संपली असती. ते पेंड होऊन आले. शिवाय ज्या कारखान्यात ती तयार होई, त्याची मालकी दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्याच संघाकडे राहिली. उद्घाटनाच्या आदल्या रात्री शास्त्रीजी अजरपुरा या खेड्यात मुक्कामाला राहिले, गावकऱ्यांशी बोलले, आणि असे आणंद देशभर व्हावे हा विचार घेऊन दिल्लीला गेले. १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. पुढे १९७० पासून युरोपातून दूधभुकटी आणि लोणीतेल दान म्हणून आले, तेव्हा ते फुकट वाटले गेले नाही. फुकट वाटले असते तर आपल्याच गवळ्यांचा बाजार बसला असता. त्याचे दूध करून ते विकले गेले, आणि आलेल्या पैशातून सहकारी संघ वाढले. घेणारा शहाणा असला म्हणजे दान त्याला पंगू करीत नाही, हे आणंदने दाखविले.

सगळ्या सभांचे असे सोने झाले नाही. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी प्रचंड जलसा झाला. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी नामांकित गायक गायले, जगाने तो दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि कोट्यवधी रुपये जमले. त्या पैशाने अनेक प्राण वाचले. त्याला कमी लेखण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. पण प्रेक्षकांच्या मनावर ठसले ते एकच चित्र : भेगाळलेली जमीन, हाडांचा सापळा झालेले मूल, आणि न पडलेला पाऊस. तेथे वर्षानुवर्षे यादवी युद्ध चालू होते, सरकारच माणसांना बळजबरीने दक्षिणेकडे हलवीत होते, ही गोष्ट त्या गाण्यांत बुडून गेली. देणाऱ्याला रडू आले, पण कारण कळले नाही. कारण न कळता आलेले रडू नव्याचे नऊ दिवस टिकते.

तेरा वर्षांनी त्याच ब्रिटनमध्ये निराळा प्रकार घडला. गरीब राष्ट्रांच्या डोक्यावरचे कर्ज २००० सालापर्यंत माफ करावे, अशी चळवळ तेथे उभी राहिली. तिची कल्पना ज्यांना सुचली त्यांत मार्टिन डेंट नावाचे एक निवृत्त प्राध्यापक होते. गावोगावच्या चर्चमध्ये माणसे जमून चक्क व्याजाचा हिशेब शिकली : मूळ कर्ज किती, फेडले किती, तरी उरले किती. आपल्याकडे सावकारी पाश ज्याने पाहिला आहे त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅम येथे आठ बड्या राष्ट्रांची परिषद चालू असताना सुमारे ७०,००० माणसांनी हातात हात घालून शहरात साखळी केली. कोणाच्या हाती डबा नव्हता. ते दान मागत नव्हते, न्याय मागत होते, आणि तोही स्वतःच्या सरकारांकडे. पुढच्या वर्षी कोलोन येथे कर्जमाफी वाढविण्याचा निर्णय झाला. युगांडा हा असा दिलासा मिळालेल्या आरंभीच्या देशांपैकी एक. त्याने १९९७ पासून प्राथमिक शाळांची फी उठवली होती. सावकाराकडे जाणारा पैसा आता तशा कामांकडे वळवता आला.

या सर्व हकीकतींतून आम्ही तीन कसोट्या काढतो. सभेत ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांना स्वतःला बोलू दिले काय? जमलेला पैसा अशा ठिकाणी पोचला काय, की जेथे घेणारा त्याचा मालक होतो? आणि सभेने कारण सांगितले काय, व ते सांगून स्वतःच्या सरकारला काही विचारण्याचे धैर्य दाखविले काय?

आज या कसोट्यांची गरज अधिक आहे. १९७० साली संयुक्त राष्ट्रांत असे ठरले की, संपन्न देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत गरीब देशांना द्यावी. २०१५ साली १९३ राष्ट्रांनी २०३० पर्यंत भूक नाहीशी करण्याचा संकल्प केला. आणि प्रत्यक्षात काय? ब्रिटनने आपला वाटा २०२१ साली ०.५ टक्क्यांवर आणला, व २०२५ साली तो ०.३ पर्यंत खाली नेण्याचे जाहीर केले. अमेरिकेने त्याच वर्षी आपली परदेशी मदतीची संस्थाच मोडीत काढली. ज्या देशात ७०,००० माणसांची साखळी झाली होती, त्या देशात या वेळी तशी साखळी उभी राहिली नाही. ज्यांना केवळ द्यायला शिकवले होते, त्यांना देणे थांबल्याचे फारसे वाटले नाही. लोकजागृती वरवरची राहिली म्हणजे असे होते.

आणि आपण? आपला देश आता केवळ घेणारा राहिलेला नाही. १९६४ पासून इतर विकसनशील देशांतील माणसांना तांत्रिक शिक्षण देण्याची योजना भारत सरकार चालवीत आले आहे. पण सरकार देते आणि लोकांना पत्ता नाही, अशी आपली स्थिती आहे. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून यादवी माजली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दारफुरातील झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचे तज्ज्ञांनी जाहीर केले. आपल्या किती गावांत त्यावर एक सभा झाली?

पुणे येथून फार दूर नाही. सुदानी विद्यार्थी तेथे अनेक वर्षे शिकत आले आहेत. पुढच्या वसंतात चालकांनी आमच्यासारख्या पुस्तकी वक्त्याची एक संध्याकाळ कमी करावी आणि त्यांच्यापैकी एकाला या व्यासपीठावर बोलवावे. त्याला मराठी येत नसेल तर दुभाषी बसवावा. तेथे अन्न का पोचत नाही, शस्त्रे कोठून येतात, आणि आपले सरकार काय करू शकेल, हे त्याला विचारावे. डबा फिरवायचा असेल तर त्यानंतर फिरवावा. या एका सभेने सुदानचे युद्ध थांबणार नाही. पण १९३८ साली ज्यांनी आणे टाकले त्यांनी तरी युद्ध थांबेल म्हणून कोठे टाकले होते?