बदललेला पाऊस आणि धरणाचं वेळापत्रक

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून संयोजकांनी संगणकावर बोलायला सुचवलं होतं. पण मी पाण्यावर बोलणार आहे. इथे बसलेल्या कित्येकांच्या घरात कृष्णेचा पूर शिरलेला आहे, आणि जत-आटपाडीकडच्या कित्येकांनी टँकरची वाट पाहिलेली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके होते. वर्ष सरायच्या आत, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

अशा वेळी आपण विचारतो, "कोयनेतून आधीच पाणी का सोडलं नाही?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर सोपं नाही. १०५ टीएमसीच्या कोयनेने वीज द्यायची, शेतीला आणि प्यायला पाणी द्यायचं, आणि पूरही अडवायचा. पहिल्या दोन कामांसाठी धरण भरलेलं हवं आणि तिसऱ्यासाठी त्यात जागा रिकामी हवी. हा मेळ घालायला वेळापत्रक असतं. पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा, हे त्यात ठरवलेलं असतं. त्याला जलाशय परिचालन सूची म्हणतात.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर ही सूची म्हणजे एक प्रोग्रॅम आहे आणि जुना पाऊस हे त्याचं गृहीतक आहे. जून-जुलैत धरण हळूहळू भरेल, सप्टेंबरात पाऊस ओसरेल, असं ते गृहीतक. ते बदललं की प्रोग्रॅम बिनचूक चालूनही उत्तर चुकतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. जतकडे अख्ख्या वर्षाचा पाऊसही याच आकड्याच्या आसपास असतो. असा पाऊस आला की रिकामी ठेवलेली जागा बघता बघता भरते.

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. यंत्र म्हणून ते अफलातून आहे. पण दरवाजाला आजची पातळी कळते, उद्याचा पाऊस कळत नाही. संस्थांचंही तसंच होत होतं.

आता बदल सुरू झाला आहे, हेही सांगितलं पाहिजे. हवामान खात्याच्या मान्सूनच्या जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर आधारलेल्या होत्या. २०२० मध्ये खात्याने त्या बदलल्या. मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. कॅलेंडरमधला हा छोटासा फरक. पण पाऊस लांबला, हे एका सरकारी संस्थेने कागदावर मान्य केलं. कृष्णा-भीमा खोऱ्यात आपल्या जलसंपदा विभागाने पाऊस आणि नदीची पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रणा उभारली आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. जून २०२१ मध्ये अलमट्टीच्या विसर्गाबाबत बंगळुरूत दोन्ही राज्यांची बैठक झाली. नदीला राज्याची हद्द कळत नाही, म्हणून ही बोलणी दर वर्षी पावसाळ्याआधी व्हायला हवीत.

तरीही खरी अडचण यंत्राची नाही. आकडे आले, अंदाज आला, तरी दरवाजा उघडायचा निर्णय माणसालाच घ्यायचा असतो. जुलैत त्या अधिकाऱ्याने पाणी सोडलं आणि पुढे पाऊस दगा देऊन गेला, तर उन्हाळ्यात सगळे त्यालाच धरणार. नाही सोडलं आणि पूर आला, तरी तोच दोषी. मग माणूस वेळापत्रकाला चिकटून राहतो, कारण तिथे त्याची कातडी सुरक्षित असते. म्हणून मला वाटतं, हवामानबदलाशी जुळवून घेणं म्हणजे नुसती सेन्सर आणि संगणकाची खरेदी नव्हे. अंदाज अमुक आला तर तमुक पाणी सोडायचं, हे आधी लिहून ठेवायचं, लोकांसमोर मांडायचं आणि ठरावीक वर्षांनी तपासून बदलायचं. त्या नियमाप्रमाणे वागलेल्या माणसामागे संस्थेने उभं राहायचं. आणि अंदाज चुकून पाणी कमी पडलं, तर तो तोटा एकट्या जत-आटपाडीच्या माथी मारायचा नाही, हेही त्याच कागदावर असायला हवं.

यात आपलं काय काम? आपल्यातले काही सरपंच आहेत, काही पाणीवापर संस्थेत आहेत, काही शिक्षक आहेत. गावाच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा मागवा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाची. ती कोणत्या सालापर्यंतच्या नोंदींवरून आखली, हे विचारा. २००५, २०१९, २०२१ असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिल्यावर हा प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे.

आणि एक सूचना. आपल्या तुकडीतर्फे शाळेला भेट द्यायची ठरली आहे. ती पर्जन्यमापकाची असावी. रोज सकाळी साडेआठला मुलांनी पाऊस मोजून फळ्यावर आणि वहीत लिहावा. वीस वर्षांनी कुणी नवं वेळापत्रक करायला बसलं, तर आपल्या गावाचा पाऊस त्याला शाळेच्या वहीत सापडेल.