कवळी की दंतरोपण?
(वार्षिक सभेत दंतविभागाच्या वतीने केलेल्या भाषणाची संहिता)



आमच्या विभागाच्या अहवालात 'गरजू रुग्णांना कवळ्या दिल्या' हे वाक्य दरवर्षी नेमाने येते. ते खरे असले तरी अपुरे आहे, याची जाणीव आम्हांस एका आजीबाईंनी करून दिली. शिबिरात दोन्ही कवळ्या मिळाल्यानंतर वर्षभराने त्या डोळे दाखवावयास रुग्णालयात आल्या होत्या. वरची कवळी तोंडात होती. खालची रुमालाच्या पुरचुंडीत. "लग्नकार्यात घालते, डॉक्टर. जेवताना उचलून येते. भाकरी आपली दुधात कुस्करून खाते," त्या म्हणाल्या. आमच्या नोंदवहीत मात्र त्यांचे उपचार 'पूर्ण' झालेले होते.

दोष कारागिरीचा नव्हता. वरची कवळी टाळूवर पसरते आणि लाळेच्या पातळ थरामुळे तेथे चिकटून राहते. खालची नालाच्या आकाराची; तिला आधार थोडा आणि जीभ व गाल तिला सतत ढकलणार. शिवाय दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षी सर्वाधिक असते, पुढेही थांबत नाही, आणि खालच्या जबड्यात ती वरच्यापेक्षा सुमारे चौपट होते. म्हणून घट्ट बसलेली कवळी काही वर्षांत सैल होते, व तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते किंवा ती बदलावी लागते. पूर्ण कवळीने चावण्याचा जोरही नैसर्गिक दातांच्या मानाने चौथा-पाचवा हिस्साच असतो.

दंतरोपणाचा मार्ग निराळा आहे. स्वीडनमधील संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना आढळले, की टायटॅनियम धातूशी जिवंत हाड एकजीव होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे कृत्रिम मूळ बसविले. आज योग्य रुग्णांत दहा वर्षांनंतरही शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रोपणे टिकलेली दिसतात.

मग सर्वांनाच दंतरोपण का करू नये, असा प्रश्न आपल्या मनात येईल. रोपणाला पुरेसे हाड लागते, लहानशी शस्त्रक्रिया लागते आणि हाड जुळून येण्यास साधारणतः तीन ते सहा महिने द्यावे लागतात. मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू सुटत नसेल, जबड्यावर किरणोपचार झाले असतील किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे चालू असतील, तर धोका वाढतो. आपल्याकडे मिश्रीची सवय आहे. रुग्ण तिला तंबाखूत मोजतच नाहीत, म्हणून ती आम्ही वेगळी विचारतो. रोपणाला कीड लागत नाही हे खरे. परंतु स्वच्छता न राखल्यास भोवतीची हिरडी सुजते, हाड झिजते आणि रोपण निकामी होते.

या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूस केवळ दोन रोपणे बसवून त्यांवर, बटण लावावे तशी, काढता-घालता येणारी कवळी अडकविता येते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सर्व दात गेलेल्या रुग्णासाठी हाच प्रथम पसंतीचा उपचार मानावा, असे मत दिले. वरची कवळी बहुधा साधीच पुरते.

आप्तेष्टांना आमची विनंती आहे, की आईवडिलांसाठी सर्वांत महाग तेच उत्तम असे समजू नये. ज्यांना साधी कवळी सुखाने सोसते, त्यांच्यावर शस्त्रक्रिया लादू नये. हातांना कंप असेल, विस्मरण असेल, तर रोपणांची रोजची सफाई कोण करणार, हा प्रश्न आधी विचारावा. कवळीही रात्री काढून, मऊ ब्रशने घासून, साध्या पाण्यात ठेवावी; उकळत्या पाण्यात नव्हे.

देणगीदारांना सांगावयाचे ते हे. एका जबड्यात पूर्ण पक्के दात बसवावयाचे तर चार ते सहा रोपणे लागतात. तेवढ्याच रोपणांत दोन किंवा तीन वृद्धांच्या खालच्या कवळ्या स्थिर होतात. म्हणून आपली देणगी प्रथम अशा दोन रोपणांसाठी वापरण्याची अनुमती आम्ही मागत आहोत. तसेच कवळी दिल्याच्या नोंदीपुढे यापुढे आणखी एक रकाना राहील : सहा महिन्यांनंतर रुग्ण काय खातो?

आजीबाईंच्या हाडाची तपासणी झाली असून त्यांना दोन रोपणे बसविली आहेत. हाड जुळून येण्याची वाट आम्ही पाहत आहोत. त्या रकान्यात त्यांच्या नावापुढे 'भाकरी' असा शब्द लिहिता यावा, एवढीच आमची इच्छा आहे.