डोक्यातलं दुखणं, पोटातली गाठ



माझी भाची तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. २०१६ च्या पावसाळ्यात तिला दोन-चार दिवस ताप आला, डोकं दुखलं. गोळ्यांनी ताप उतरला, पण झोप गेली. रात्री उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. एकदा आपल्या आईकडे बोट दाखवून मला म्हणाली, "मामू, ये अम्मी नहीं है." आठवड्याभरात बोलणं आटत गेलं. एकच शब्द घोळवत राहायची, मग तोही गेला.

मोमीनपुऱ्यात निदान तोवर होऊन गेलं होतं: असर. आपाच्या ओळखीच्या महालातल्या काकू म्हणाल्या, "भाऊ, बाहेरचं असंल, पाहून घ्या." या बाबतीत मोमीनपुरा आणि महाल यांचं अगदी एकमत! मी बी. ए. झालेला, अंधश्रद्धेवर मुशायऱ्यांत कविता वाचणारा माणूस; तिला घेऊन ताजबागला गेलो. तिथं बसल्यावर आठवलं, ज्यांच्या दारी आपण आलो त्या ताजुद्दीन बाबांनाच इंग्रजी अमदानीत नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं होतं. १९०८ साली रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून आणलं.

दुआ मागितल्याचा मला पश्चात्ताप नाही. तो आहे नंतरच्या बारा दिवसांचा. एके ठिकाणी मनोविकाराची औषधं सुरू झाली आणि आम्ही निर्धास्त झालो. तिचा जबडा सारखा हलायचा, जीभ बाहेर यायची, ओठ चावून रक्त निघायचं. औषधाचा परिणाम असेल म्हणून सोडून दिलं. मग झटका आला, तेव्हा कुठं आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे पोचलो.

एमआरआय जवळजवळ साफ होता. डॉक्टरांनी मणक्यातलं पाणी तपासायला पाठवलं आणि म्हणाले, "पोटाची सोनोग्राफी करून घ्या." डोक्याच्या दुखण्याला पोटाची सोनोग्राफी! मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

बीजांडकोशात लिंबाएवढी गाठ निघाली. टेराटोमा. अशा गाठीत केस, दातसुद्धा सापडतात, आणि मज्जापेशीही असतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. पण त्या पेशींवर असते तीच खूण, एनएमडीए रिसेप्टर नावाची, आपल्या मेंदूतल्या पेशींवरही असते. आठवण, शिकणं, भान यांचं बरंचसं काम तिच्यावर चालतं. प्रतिपिंडं तिथंही जाऊन चिकटतात. कुंपणानं शेत खाणं म्हणतात ना, तेच. फक्त हे कुंपण बेइमान नसतं, ते राखणच करत असतं.

या आजाराची ओळख २००७ साली पटली. अमेरिकेत जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी असलेल्या बारा स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी किती जणी वेड्या ठरून कोपऱ्यात पडून राहिल्या असतील, कोण जाणे. पुढे तो पुरुषांत आणि लहान मुलांतही दिसला; प्रत्येकाला गाठ असतेच असं नाही. २०१३ साली ५७७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ज्यांची दोन वर्षांनंतर माहिती मिळाली, त्यांच्यात दहातले आठ जण बरे होते किंवा थोडीशीच उणीव राहिली होती. उपचार लवकर झाले तर फरक पडतो, हेही त्यात दिसलं. आमचे बारा दिवस मला म्हणून टोचतात.

गाठीमुळे मज्जासंस्था बिघडण्याचे आणखीही प्रकार आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या मांड्यांतली ताकद जाऊ लागते, जिना चढवत नाही, आणि मूळ निघतं फुप्फुसातल्या कर्करोगात. कधीकधी खोकल्याच्याही आधी. पण तरण्या मुलीचं वागणं काही दिवसांत पालटलं, झोप उडाली, बोलणं तुटलं, तोंड वेडंवाकडं हलू लागलं, झटका आला, तर मेंदूच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. आणि पोटही तपासायला सांगा.

गाठ काढली. स्टेरॉइड झाले, इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं झाली. त्यांच्यासाठी आपानं बांगड्या मोडल्या. मणक्याच्या पाण्याच्या तपासणीनं डॉक्टरांचा अंदाज खरा ठरवला. तरी दीड महिना ती नुसती छताकडे बघत होती. मग एका सकाळी चहात साखर कमी आहे म्हणाली. आपा स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आज ती एका शाळेत हिशेब सांभाळते. ते दोन महिने तिला आठवतच नाहीत. अधूनमधून विचारते, "मामू, मैं तब क्या क्या बोलती थी?" मी थोडंथोडं सांगतो. अम्मीबद्दलचं अजून सांगितलेलं नाही.