पेटी ठेवायची की भंगारात द्यायची?

मनीषनगर, नागपूरहून आम्ही बोलतोय. आजचा विषय तसा लहान आहे, पण आमच्या गटाच्या दोन बैठका त्याने खाल्ल्या. ड्रिल मशीन, ग्राइंडर, कटर घेतलं की त्याच्याबरोबर एक जाड प्लास्टिकची पेटी येते ना, सूटकेससारखी? ती पेटी ठेवायची की काढून टाकायची, याबद्दल आज बोलू.

तुम्ही म्हणाल, बायकांचा काय संबंध? आहे ना. आमच्याकडे वर्धा रोडपासून थेट बेशापर्यंत फ्लॅटच फ्लॅट झालेत. नवीन फ्लॅट म्हटला की पडदे आले, आणि पडदे शिवून देणाऱ्या बाईने रॉडही बसवून द्यावा असं गिऱ्हाईकाला वाटतं. रॉड बसवायला दुसऱ्याला बोलावलं की मजुरीचा वाटा त्याच्याकडे जातो. म्हणून आमच्या गटाने ड्रिल घेतली, मग ग्राइंडर घेतला. गावाकडच्या गटांकडेही आता अवजारं आली आहेत. विळ्याला धार लावायला ग्राइंडर लागतो, गोठ्याचं फाटक दुरुस्त करायला ड्रिल लागते. मशीन सगळ्यांची असते, पण पेटी कुणाच्या तरी एकीच्या घरात जागा अडवते. भांडण तिथून सुरू होतं.

आधी ही पेटी कशी बनते ते सांगतो. गरम, मऊ प्लास्टिकची नळी साच्यात धरतात आणि आतून हवा फुंकतात. ती फुगून साच्याला चिकटते. पाण्याच्या बाटल्या आणि रॉकेलचे कॅनही असेच बनतात. म्हणून पेटीची भिंत दुहेरी आणि आतून पोकळ असते. पडली तर मार ती खाते, मशीन वाचते. आतले खाचे मात्र त्या एकाच मॉडेलच्या मापाचे असतात, दुसऱ्या कंपनीची ड्रिल त्यात बसत नाही. आणि पोकळ असल्यामुळे आतल्या सामानाच्या दुप्पट-तिप्पट जागा खाते. दहा बाय दहाच्या खोलीत सज्जावर अशा तीन पेट्या ठेवल्या की गाद्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न खरा आहे.

तरी गटाच्या मशीनची पेटी टाकू नका, असं आमचं मत झालंय. एकट्याच्या मशीनचं वेगळं असतं. घरात एकच माणूस वापरतो, त्याला माहीत असतं चावी कुठे आहे. गटाची मशीन आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. मशीन हरवत नाही, हरवते ती चकची चावी, बाजूचा दांडा, ग्राइंडरचा पाना. पेटीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. झाकण उघडलं की रिकामा खाचा लगेच दिसतो, मोजायची गरज पडत नाही. आमच्या ओळखीच्या एका गटात मशीन पिशवीतून फिरायची. चावी गेली तेव्हा ती कुणाकडे असताना गेली हे कुणालाच सांगता येईना. चावी काही फार महागाची नव्हती, पण ज्या बाईवर सगळ्यांची नजर गेली तिने गटात येणंच सोडलं. आता आम्ही मशीन देताना आणि घेताना दोघींसमोर पेटी उघडतो, काय आहे नाही ते वहीत लिहितो आणि दोघींची सही घेतो.

दुसरी गोष्ट आमच्यातल्याच एका ताईंची आहे. त्यांना विचारून सांगतोय. त्यांचे मालक सुतारकाम करायचे. ते गेले आणि महिन्याभरात दीर येऊन मशीन घेऊन गेले, म्हणाले, भावाच्या होत्या, आता आमच्या. सज्जावर पेट्या तेवढ्या राहिल्या. ताई म्हणायच्या, रिकाम्या पेट्या बघून जीव जळतो, भंगारवाल्याला देऊन टाकते. आम्ही चार जणी गेलो, पेट्या खाली काढल्या, पुसल्या, उघडल्या. दोन पेट्यांत पुस्तिकेच्या घडीत दुकानाची बिलं निघाली. बिलं ताईंच्या नावावर होती, कारण पैसे त्यांनी गटातून कर्ज काढून दिले होते. कर्जाच्या वहीतली तारीख आणि बिलाची तारीख जुळली. यंत्राचा नंबरही बिलावर होता, आणि तोच नंबर मशीनच्या अंगावरच्या पट्टीवर असतो. ते कागद घेऊन ताई जेठ माणसांसमोर बसल्या. दिरांनी एक मशीन परत दिली. दुसरीचं बोलणं अजून चालू आहे.

म्हणून पेटी टाकायची असेल तरी आधी पूर्ण रिकामी करा. फोम असेल तर तोही उचलून पाहा. बिल, वॉरंटीचं कार्ड, पुस्तिका काढून गटाच्या फाइलमध्ये ठेवा. बिलाची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीला गेल्यावर बिल आणि मशीनवरचा नंबर विचारतात. पेटी आहे का, असं सहसा कुणी विचारत नाही. जुनी मशीन विकताना मात्र पेटी असली की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं, कारण मशीन जपून वापरली असं त्याला वाटतं.

आता पेटीचे दोषही ऐका. पेटीत बसवायची म्हणून वायर मशीनला आवळून गुंडाळतात. मग वायर मशीनला जिथे जोडलेली असते तिथे, मानेपाशी, आतून तुटते. वायरचे मोठे सैल वेटोळे करा. ते पेटीत मावत नसतील तर वायर पिशवीसारखी बाहेर लोंबू द्या, झाकण दाबून बंद करू नका. काम झालं की गरम मशीन लगेच आत टाकू नका, थंड होऊ द्या, सिमेंटची धूळ पुसा. पावसाळ्यात तर जास्त जपा. या पेट्यांच्या कडेला बहुतेक रबर नसतं, म्हणजे ओल आत जाते, पण झाकण बंद असल्याने लवकर बाहेर पडत नाही. फोम असेल तर तो ओल धरून ठेवतो आणि बिटांवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा पेटी उघडी ठेवावी, सावलीत. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली किंवा गच्चीवर पेटी ठेवली तर उन्हाने प्लास्टिक कडक होतं आणि सगळ्यात आधी कड्या तुटतात.

कड्या तुटल्या म्हणजे पेटी गेली असं नाही. जुन्या बेल्टचा पट्टा शिवून बांधला की चालते. पण बिजागरी फुटली, मशीन बिघडून गेली, किंवा एकाच मशीनच्या दोन पेट्या झाल्या, तर माया करू नका. पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत चार मशीन मावतात. बिटांसाठी आम्ही जुन्या जीन्सची खिशाखिशांची गुंडाळी शिवली आहे, प्रत्येक खिशावर माप धाग्याने काढलंय. ती पेटीपेक्षा बरी आहे असं आमच्यातल्या निम्म्या जणी म्हणतात.

काही जणी रिकाम्या पेटीत बी-बियाणं, गोळ्या-औषधं ठेवतात. तसं करू नका. आत वंगण आणि लोखंडाचा, सिमेंटचा बारीक भुगा बसलेला असतो, तो धुऊनही पुरता जात नाही. शिवणाचं सामान, खिळे, नळाचे जोड खुशाल ठेवा.

टाकायचीच ठरली तर चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात जाळू नका. तो धूर आपल्याच छातीत जातो. पेटीच्या मागे तीन बाणांचा त्रिकोण असतो, त्यात बहुधा 2 आकडा असतो. म्हणजे कॅनच्या जातीचं प्लास्टिक, ते वितळवून पुन्हा वापरतात आणि भंगारवाला घेतो. देण्याआधी लोखंडी कड्या आणि पिना काढून वेगळ्या द्या, फोम काढून टाका. वजनावर फार काही मिळत नाही, चहापाण्यापुरतं समजा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, घरातली पीडा बाहेर काढायची म्हणून. त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही सज्जे रिकामे करतो, भंगाराच्या गाडीला तेव्हा एकत्रच देतो.

बॅटरीवर चालणारी मशीन असेल तर पेटी देण्याआधी त्यात जुनी बॅटरी राहिली नाही ना, हे दोनदा बघा. ती दाबली गेली, फुटली, तर पेट घेते, आणि भंगार निवडणारीही आपल्यासारखीच बाई असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसते, वेगळी द्यायची असते. ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. म्हणून नवीन घेताना दुकानदारालाच विचारा, जुनी घेणार का.

आमच्या ड्रिलची पेटी राहणार, हे ठरलं. ग्राइंडरचं अजून ठरलेलं नाही. त्याची पेटी लहान आहे, पण चकती काढल्याशिवाय मशीन आत बसत नाही. काही जणी म्हणतात ही कटकट आहे. काही म्हणतात तेच बरं, चकती लावलेली मशीन मुलांच्या हाती लागत नाही, आणि काढताना चकतीला तडा गेलाय का तेही दिसतं. अनेक चकत्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतही छापलेली असते, ती त्या निमित्ताने वाचली जाते. येत्या बैठकीत हात वर करून ठरवणार आहोत. तुमच्या गटात कसं करता, ते आम्हाला चिठ्ठी टाकून कळवा.