कल्याणचा सोनार, कल्याणची यमुना आणि ‘मी’

बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत ब्राह्मी लिपीतले कितीतरी दानलेख आहेत. त्यांतल्या काही दात्यांचं गाव कल्याण. कुणी व्यापारी, कुणी सोनार. दान दिलं आणि नाव, गाव, धंदा खडकात कोरून ठेवला. गंमत अशी, की ज्या बौद्ध भिक्षूंना हे दान मिळालं त्यांची शिकवण अनात्मवादाची होती. कायमचा, न बदलणारा ‘मी’ शोधूनही सापडत नाही, असं ते सांगत. भिक्षूंनी हे ऐकवलं असेलच, तरी सोनारानं नाव कोरायचं सोडलं नाही!

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन हा भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की तू रथातून आलास, तर चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा नाही म्हणतो. सुट्या भागांच्या जुळणीला दिलेलं ते नुसतं नाव, आणि ‘नागसेन’ हेही तसंच. पुढे 1739 मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं जवळपास हेच लिहिलं. मनात डोकावलं की ऊब, गारवा, राग, माया असं काहीतरी हाती लागतं. हे सगळं भोगणारा वेगळा असा कुणी भेटत नाही. वेदान्ताचं म्हणणं याच्या अगदी उलट. अनुभव बदलतात, पण ते पाहणारा साक्षी बदलत नाही. हा वाद आजच्या भाषणात मिटण्यातला नाही.

पण या ‘मी’च्या कोड्याचं एक हाडामांसाचं उदाहरण कल्याणातच आहे. 31 मार्च 1865 रोजी जन्मलेली यमुना जोशी. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यानं, गोपाळराव जोशींनी, नाव ठेवलं आनंदी. चौदाव्या वर्षी ती आई झाली, बाळ दहा दिवसांत गेलं. 1883 मध्ये अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला तिनं जाहीर भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं तिनं तिथे बजावलं. 1885 च्या एका छायाचित्रात ती एका जपानी आणि एका सीरियन विद्यार्थिनीसोबत दिसते. तिघीही आपापल्या देशी वेशात. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली. माहेरची यमुना, सासरची आनंदी आणि अमेरिकेतली डॉक्टर, यांतली खरी कोणती? विल्यम जेम्सला विचारलं असतं तर त्यानं प्रश्नच चुकीचा ठरवला असता. आपल्याला ओळखणारी जितकी माणसं, तितके आपले सामाजिक ‘मी’, असं या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1890 मध्ये लिहिलं.

याच जेम्सनं एक अपूर्णांकही मांडला. स्वाभिमान म्हणजे यश भागिले अपेक्षा. स्वतःचंच उदाहरण त्यानं दिलं. मानसशास्त्र कुणाला आपल्यापेक्षा जास्त येतं असं दिसलं की त्याला खुपायचं. ग्रीक भाषा येत नाही याचं मात्र काहीच वाटत नसे, कारण तिथे त्यानं पैजच लावली नव्हती. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी डोंबिवलीच्या एखाद्या घरातही हाच अपूर्णांक मांडला जातो. फक्त त्यातल्या अपेक्षा बहुतेक वेळा इतरांच्या असतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास हे गणितच मोडीत काढलं. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, हे त्यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं सूत्र. पेपर वाईट गेला हे विधान तपासता येतं. मी टाकाऊ आहे, हे कुठल्याच पुराव्यानं सिद्ध होत नाही. ही पद्धत मराठीत रुजवली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतही तिचा वापर होतो. नाडकर्णी एलिसच्या जोडीला वेदान्तही घेतात. वरवर हे विसंगत वाटतं, पण साक्षी मानला काय किंवा नाही मानला काय, माणसाला एका आकड्यात बसवायला दोघांचाही नकार आहे.

‘मी’ खरा की भास, हे तत्त्वज्ञांना ठरवू द्या. यंदा घरात निकाल लागला तर मुलाला एवढंच विचारा, की कोणता पेपर अवघड गेला?